मोगऱ्याला कळी का येत नाही? गॅलरीतल्या बागेबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दक्षिणेकडे तोंड असलेली चार फूट खोल गॅलरी, शिवाय सोसायटीच्या गच्चीचा एक कोपरा वापरायची परवानगी. मोगऱ्याला दोन वर्षांत कळी नाही. कढीपत्ता गुडघ्याएवढा होऊन थांबला आणि पिवळा पडतोय. मिरचीची पानं गोळा होतात, जास्वंदीवर कापसासारखं पांढरं येतं, टोमॅटो जानेवारी-फेब्रुवारीत छान आले पण बुडाशी काळे पडले आणि मेमध्ये त्याच जागी काहीच आलं नाही. दुधीची फळं 'धरून गळतात'. लिंबाचं बी टाकून आलेलं झाड चार वर्षांचं झालं, फळाचा पत्ता नाही. 'शेणखत, गांडूळखत, केळीच्या सालींचं पाणी, ताक, सगळं घालून झालं. आता कोणतं खत देऊ?'

कोणतंच देऊ नका. निदान दोन महिने तरी.

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. त्यात खताची उणीव मला कुठेच दिसली नाही, झाडांना अजीर्ण झालं असेल असंच वाटलं. उद्यानविद्या शिकून गेली सव्वीस वर्षं मी लोकांच्या गच्च्या आणि गॅलऱ्या बघत हिंडते आहे. बहुतेक ठिकाणी दुखणं उन्हाचं असतं, नाहीतर मुळांचं. खताची पाळी त्यानंतर येते. पण खत विकत मिळतं आणि ऊन मिळत नाही, म्हणून सगळे खतापासून सुरुवात करतात.

तुमच्या टोमॅटोच्या वाक्यातच मोगऱ्याचं उत्तर आहे. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. तुमच्या गॅलरीवर वरच्या मजल्याची स्लॅब असणार, ती दहा फुटांवर धरली तर त्या दिवशी ऊन जमिनीवर नऊ फूट आत येतं. म्हणजे गॅलरी ओलांडून हॉलमधल्या सोफ्यापर्यंत. २१ मार्चला तेच ऊन सव्वातीन फुटांवर येतं. १५ एप्रिलला दीड फूट, म्हणजे कठड्याला चिकटलेल्या कुंडीपुरतं. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, शाळेतली मुलं बाटली उभी करून बघतात ना, तोच. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. दक्षिणेच्या गॅलरीला त्या अडीच महिन्यांत थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही. दसऱ्याच्या सुमारास ते पुन्हा चार-पाच फूट आत येऊ लागतं.

आता मोगरा. तो फुलतो मार्च ते जून, आणि फुलतो तो फक्त नव्या फुटीवर. त्याला रोजचं पाच-सहा तासांचं कडक ऊन नेमकं तेव्हा लागतं आणि तुमच्याकडे नेमकी तेव्हाच सावली. थंडीत तो झोपलेला असतो तेव्हा तुम्ही त्याला दिवसभर उन्हात ठेवताय. दोन वर्षं बिचारा पानांवर जगला, त्यात शेणखत भरपूर मिळाल्यामुळे पानं हिरवीगार, आणि तुम्हाला वाटलं झाड तर निरोगी आहे.

तेव्हा पहिलं काम असं करा. एका रविवारी खडू घ्या आणि सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला गॅलरीत आणि गच्चीवर उन्हाची कड आखा. हेच महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. फोनमध्ये फोटो काढून ठेवले तरी चालेल. कुठली कुंडी कुठे ठेवायची हे त्या रेघांवरून ठरवायचं, नर्सरीवाल्याच्या 'थोडं ऊन चालतंय' वरून नाही.

मोगऱ्याचं जानेवारीतच उरकून टाका. संक्रांतीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी तोडा. याला ताण देणं म्हणतात. पानं जरा मलूल दिसली की थांबायचं, झाड वाळवायचं नाही. मग धारदार कात्रीनं सगळ्या फांद्या जमिनीपासून फूट-दीड फुटावर छाटा. वाळलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून काढा. उरलेली पानंही खुडून टाका. हे करताना हात कचरतो, प्रत्येकीचा कचरतो; झाड बोडकं दिसायला लागतं आणि सासूबाई विचारतात की मारलंस का ते. वरची दोन इंच माती खुरपून काढायची, तिथे कुजलेलं खत आणि मूठभर निंबोळी पेंड घालायची (दोन महिन्यांच्या खतबंदीतला हा एवढाच अपवाद), आणि भरपूर पाणी देऊन कुंडी गच्चीत न्यायची. तीन आठवड्यांत फूट येते आणि मार्चमध्ये पहिला बहर. पालघरकडे जव्हार-विक्रमगडचे शेतकरी दादरच्या फूलबाजारासाठी मोगरा पिकवतात. बागेत जा नाहीतर कुंडीशी बसा, छाटल्याशिवाय नवी फूट नाही आणि नव्या फुटीशिवाय कळी नाही. एक बहर ओसरला की फुलून गेलेल्या शेंड्यांची दोन-दोन पेरं कापायची, म्हणजे पुढच्या बहराची फूट निघते. बटमोगरा असेल तर फुलं कमी येतात पण गच्च भरलेली असतात. गजऱ्यासाठी हवा असेल तर एकेरी किंवा साधा दुहेरी मोगरा घ्या, बटाच्या नादाला लागू नका.

उन्हाळ्यात रिकाम्या झालेल्या गॅलरीत काय ठेवायचं? पुदिना, पानओवा, अळू, आणि नागवेल. विड्याच्या पानाचा वेल सावलीत जेवढा खुलतो तेवढा उन्हात कधीच नाही. शोभेची म्हणाल तर सिंगोनियम, अग्लोनिमा, नेचे, पीस लिली, कोलियस. थंडीत उलटं करायचं: पालक, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, पिटुनिया, शेवंती खाली गॅलरीत आणि सावलीची मंडळी आत खोलीत. शेवंतीवरून आठवलं. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की तिला कळी येते. एकांकडे ती डिसेंबर संपला तरी पानांवरच होती. रात्री बघायला गेले तर शेजारच्यांचा गॅलरीतला दिवा पहाटेपर्यंत तिच्यावर. कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवली, महिन्याभरानंतर कळ्या दिसू लागल्या.

आता कढीपत्ता, म्हणजे मुळांचा विषय.

सुरुवातीच्या काळात मी सोनचाफ्याचं कलम आणलं होतं. पिशवी कापली, गोळा तसाच्या तसा कुंडीत बसवला, भोवती उत्तम खतमाती भरली. दोन वर्षं रोज पाणी. झाड जेमतेम चार पानं काढायचं. शेवटी मेलं तेव्हा कुंडी उपडी केली. भोवतीची माती ओली आणि भुसभुशीत, मधोमध पिशवीच्या आकाराचा लाल गोळा, आतून ठणठणीत कोरडा. भिंतीवर फेकला असता तर गिलाव्याला पोचा आला असता. एकही मूळ त्या गोळ्याबाहेर पडलेलं नव्हतं. नर्सरीतली रोपं टेम्पोतून लांब जातात, वाटेत गोळा फुटू नये म्हणून पिशवीत चिकणमाती भरतात. त्यांचं चुकत नाही. पण पाणी सोपी वाट धरतं, भुसभुशीत मातीतून खाली पळतं आणि गोळा कोरडाच राहतो. वरून बघणाऱ्याला कुंडी ओली दिसते.

तुमच्या कढीपत्त्याची गत हीच असेल असा माझा अंदाज आहे. बघायचं असं: कुंडी आडवी करून कडेनं थापट्या मारा आणि सगळा गड्डा अलगद सरकवून घ्या. खोडाला धरून ओढू नका. मधला गोळा कोरडा, कठीण असेल तर तो पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे येतील, ते थांबले की बोटांनी बाहेरचा अंगठ्याएवढा थर पाण्यातच मोकळा करा. एवढंच करायचं. कढीपत्त्याला सोटमूळ असतं, सगळी माती धुऊन काढलेली त्याला सोसत नाही. नव्या कुंडीचा व्यास आणि खोली किमान १४ इंच हवी. आणि हे काम आता थंडीत नको, फेब्रुवारीच्या अखेरीला करा. डिसेंबर-जानेवारीत कढीपत्ता कुणाकडेच वाढत नाही. तोवर लोक घाबरून त्याला ताक पाजतात आणि फेब्रुवारीत आपसूक फूट आली की ताकाला श्रेय देतात. माझी आईही घालायची. पातळ ताक महिन्यातून एकदा घातलंत तर काही बिघडत नाही, फार काही घडतही नाही.

पिवळेपणाचं वेगळं. कुठली पानं पिवळी आहेत ते आधी बघा. खालची जुनी पानं अख्खी पिवळी होऊन गळत असतील तर तो पाण्याचा घोळ किंवा नत्राची कमी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. तुमच्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरलेला दिसेल. ते जड पाणी माती अल्कधर्मी करतं, आणि मग मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) आणा, खत-बियाणांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम आणि चार थेंब लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारायचं, पंधरा दिवसांनी आणखी एकदा. खाली फरशीवर वर्तमानपत्र अंथरा, हिराकसाचे तांबडे डाग निघता निघत नाहीत, माझ्या गॅलरीत अजून आहेत. पावसाचं पाणी पिंपात साठवून कढीपत्ता, मोगरा, लिंबू यांना दिलंत तर उत्तमच.

तोडतानाही पानं एकेक ओरबाडू नका. शेंडा दोन-तीन डहाळ्यांसकट खुडा, तिथून दोन फांद्या फुटतात. ज्या घरात रोज फोडणी असते तिथला कढीपत्ता डेरेदार असतो, कारण त्याची आपोआप छाटणी होते. 'वाढू दे जरा, मग तोडू' म्हणणाऱ्यांच्याकडे काठीवर चार पानं.

माती. काळी माती कुंडीत नकोच. ती ओली झाली की फुगते, वाळली की आवळते आणि कडेनं बोटभर फट पडते. मग पाणी त्या फटीतून थेट बशीत. दोन घमेली लाल माती किंवा पोयटा, दोन घमेली पूर्ण कुजलेलं खत, एक घमेलं कोकोपीट नाहीतर चाळलेला पाचोळा, अर्धं घमेलं भाताचं तूस किंवा विटांचा जाडसर चुरा. हे माझं प्रमाण. दुसऱ्या कुणाचं वेगळं असेल, त्यांचीही झाडं वाढतात. मूठभर ओली माती दाबून उघडली तर मूठ टिकावी आणि बोट लावल्यावर फुटावी, एवढीच परीक्षा. तळाशी चार इंच खडी घालायची पद्धत मात्र सोडा. पाणी मातीतून खडीत सहजी उतरत नाही, खडीच्या वरच्या मातीतच अडून राहतं, म्हणजे ओलाव्याची पातळी उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

गच्चीवर वजनाचा विचार आधी करा, नंतर सोसायटीच्या सभेत नको. घनफूटभर ओली माती ४५-५० किलो भरते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर खोल वाफा म्हणजे जवळजवळ २०० किलो. असे पाच वाफे कठड्याच्या बाजूला, तुळईच्या रेषेत ठेवणं वेगळं आणि स्लॅबच्या मधोमध मांडणं वेगळं. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मांडू नका. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर उचलून ठेवा, खालची फरशी वाळली पाहिजे. वजन कमी करायला रसवंतीचं चिपाड वापरता येतं. मुंबईच्या डॉ. आर. टी. दोशींनी पिशव्यांत आणि पिंपांत उसाच्या चिपाडावर भाज्या पिकवून दाखवल्या, त्याआधी कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी 'प्रयोग परिवार' या आपल्या चळवळीतून शेकडो लोकांना पाचोळ्याची माती करायला लावलं. यात नवं काही नाही. फक्त चिपाड ताजं घालू नका. ते कुजताना भोवतीचा नत्र खातं आणि रोपं पिवळी पडतात. शिवाय साखरेला मुंग्या. आधी धुऊन, शेणकाला शिंपडून दोन महिने पोत्यात कुजवायचं.

टोमॅटो बुडाशी काळा पडणं हा बुरशीचा रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, म्हणून तिथल्या पेशी मरतात. आता गंमत बघा. तुमच्या जड पाण्यात कॅल्शियम रगड आहे. अंड्याची टरफलं ठेचून घालायची काहीच गरज नाही, ती कुजायलाच वर्षानुवर्षं घेतात. कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं, आणि पाणी तुम्ही दोन दिवस विसरता, तिसऱ्या दिवशी कुंडी भरून वाहीपर्यंत घालता. हाच फळ तडकण्याचाही प्रकार. कुंडी किमान १४ इंची, मातीवर नारळाच्या शेंड्यांचा किंवा वाळक्या पानांचा दोन इंच थर, आणि पाणी रोज ठरलेल्या वेळी. शंका आली तर बोट पेरभर मातीत खुपसा. ओलं लागलं तर आज सुट्टी. वाण म्हणाल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' पर्णगुच्छ विषाणू, मर आणि करपा या तिन्हींना सहसा दाद देत नाही, कुंडीतही येतो. बी गणपतीनंतर टाका, म्हणजे थंडीतलं गॅलरीतलं ऊन पुरेपूर वापरलं जाईल.

आणि केळीच्या सालींचं पाणी बंद. त्यात फारसं काही उतरत नाही, चिलटं मात्र घरभर. साली खताच्या डब्यात टाका, तिथे त्या कामाला येतात. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट कोरडा पाला घातलात तर डब्याला वास येत नाही. कुंड्यांखालच्या बशा पावसाळ्यात काढूनच ठेवा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठवड्याभरात तयार होतो.

मिरची. आपल्याकडे या रोगाला बोकड्या म्हणतात किंवा चुरडा-मुरडा, पण नाव एक असलं तरी कारणं तीन आहेत आणि औषध चुकलं की वेळ वाया. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारख्या झाल्या असतील तर फुलकिडे. कडा खाली वळून, पान लांबट, देठ ताणलेला असेल तर कोळी नावाची अगदी बारीक कीड (माइट). आणि झाडच खुजं, पानं बारीक, शेंड्याला गुच्छ झाला असेल तर विषाणू, जो पांढरी माशी आणते. खात्री करायला शेंड्याखाली पांढरा कागद धरा आणि शेंड्याला टिचकी मारा. स्वल्पविरामाएवढे पिवळट किडे तुरुतुरु पळाले तर फुलकिडे. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं.

फुलकिड्यांवर निमतेल, लिटरला पाच मिली. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी वाटीभर कोमट पाण्यात अर्धा चमचा पातळ साबण आणि तेल घुसळून दुधासारखं करा, मग बाकीचं पाणी. पानांच्या खालच्या बाजूनं, ऊन उतरल्यावर, आठवड्यातून एकदा, तीन वेळा. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. पण निमतेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नको आणि भर उन्हाळ्यात तर नकोच, पानं भाजतात. विषाणू असेल तर काहीही फवारू नका. झाड उपटा, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. जीव तुटतो, पण ते एक झाड ठेवलंत तर बाकीची चार जातात.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो बघण्याआधी मुंग्या बघा. हे ढेकूण गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो खातात आणि त्या बदल्यात त्यांची राखण करतात, एका फांदीवरून दुसरीवर नेऊनसुद्धा ठेवतात. म्हणून कुंडीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवा नाहीतर खोडाला व्हॅसलिनचा पट्टा ओढा. फार माखलेले शेंडे कापून टाका, उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा, दुसऱ्या दिवशी साबणाचं पाणी. पण एक गोष्ट जवळून बघा. त्या पांढऱ्या गर्दीत एखादा जरा मोठा, झिपऱ्यासारखी पांढरी पिसं असलेला आणि भराभर चालणारा किडा दिसला तर त्याला मारू नका. ती एका ढालकिड्याची अळी आहे, ढेकणांवरच जगते. द्राक्षबागांत हेच ढालकिडे मुद्दाम सोडतात. घरी ती आपण होऊन येते आणि आपण तिलाच आधी चिरडतो, कारण ती जास्त ठळक दिसते.

दुधीची फळं धरून गळतात असं तुम्ही लिहिलंय. ती धरलेलीच नसतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा दुधी फूल उमलण्याआधीपासूनच असतो. परागीकरण झालं तर तो वाढतो, नाही झालं तर तीन-चार दिवसांत टोकाकडून पिवळा होऊन गळतो. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी कोमेजतं. शहरातल्या गच्चीवर रात्री येणारे पतंग फारसे नसतात, तेव्हा ते काम तुम्हालाच करायचं. दिवेलागणीला वर जा. लांब बारीक देठाचं, मागे फळ नसलेलं ते नर फूल. ते खुडा, पाकळ्या मागे दुमडून काढून टाका, मधला पिवळा पुंकेसर मादी फुलाच्या मधल्या गड्ड्यावर हलक्या हातानं चारी बाजूंनी टेकवा. पिवळी पूड लागलेली डोळ्यांना दिसते. दोडक्यालाही संध्याकाळच, कारल्याला मात्र सकाळी, नऊच्या आत. दुसऱ्या दिवसापासून तो बोटाएवढा दुधी देठाकडे ताठ होतो आणि चौथ्या दिवशी मान खाली घालतो. तेव्हा खुशाल समजा की भाजी झाली. मुख्य वेल पाच-सहा फूट झाला की शेंडा खुडा, मादी फुलं बगलफुटींवर जास्त येतात. समाजमाध्यमांवर याला हल्ली बडं इंग्रजी नाव आहे. माझ्या आजोळी अक्षय तृतीयेला परसात आळी करून बी टोकायचे, आजी तेव्हाही शेंडा खुडायची आणि त्याची भाजी करायची.

गच्चीवर एप्रिल-मे कठीण जातात. स्लॅब तापते आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत पश्चिमेकडची मुळं अक्षरशः शिजतात. ५० टक्के सावली देणारं हिरवं जाळं लावा, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, बाहेरच्या रांगेला ओलं पोतं गुंडाळा. मोगऱ्याला जाळ्याबाहेर ठेवा, त्याला ते ऊन हवंच असतं.

राहिलं लिंबू. बियापासून आलेलं कागदी लिंबू वाईट नसतं. त्याच्या बियांतून बहुधा आईसारखीच रोपं येतात, कित्येक बागा रोपांच्याच आहेत. फक्त ते फळाला यायला जमिनीत पाच-सहा वर्षं घेतं, कुंडीत त्याहून जास्त. थांबायची तयारी नसेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'साई सरबती' वाणाचं कलम आणा आणि २०० लिटरच्या पिंपाच्या अर्ध्या भागात लावा. पानं कुरतडलेली दिसतील तेव्हा लगेच फवारा उचलू नका. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी, पुढे हिरवीगार, डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंग काढून घाण वास सोडणारी, ती लिंबाच्या फुलपाखराची. लिंबू, कढीपत्ता आणि बेल हे तिचं घरचं जेवण. झाड मोठं असेल तर चार पानं गेली तरी कळत नाही. लहान असेल तर अळ्या उचलून दुसरीकडे ठेवा. मी त्यांच्यासाठी एक जादा कढीपत्ता राखलाय, त्याच्या पानांना फोडणीत जागा नाही. त्यातली एक गेल्या जानेवारीत चालत जाऊन मोगऱ्याच्या काठीवर कोष करून बसली, आणि त्या वर्षी माझी छाटणी संक्रांतीनंतर पंधरा दिवसांनी झाली. बहर मात्र मार्चअखेरीस आला.